कमरेवरच्या दोन पट्ट्या

"निरोगी शीर वरून दाबली की चपटी होते," सोनोग्राफी करणारे डॉक्टर म्हणाले. "ही बघा, होत नाहीये."

मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. करड्या-काळ्या ढगांपलीकडे मला काही दिसलं नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. रक्ताभिसरणाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते. पण स्वतःची शीर काही ओळखता आली नाही. डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्यामागे थंडगार जेल लावून यंत्र पुन्हा दाबलं, थोडं वर सरकवलं, पुन्हा दाबलं. असं करत ते मांडीपर्यंत आले.

"डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. डीव्हीटी," ते म्हणाले. "पायात खोलवर जी मोठी शीर असते तिच्यात रक्त साखळून गाठ झालीय. आता चालू नका. मी व्हीलचेअर मागवतो."

गाठ म्हटलं की आपल्याकडे एकच गाठ डोळ्यांपुढे येते. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सांगितलं, की ही कॅन्सरची गाठ नव्हे, ही रक्ताची गुठळी. पायात आहे तोवर पाय सुजतो, दुखतो. पण ती सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?"

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. गोळी एकही चालू नव्हती. त्या क्षणी माझ्या कमरेच्या उजव्या बाजूला, परकराच्या नाडीच्या खाली, संततिनियमनाच्या दोन पट्ट्या चिकटलेल्या होत्या. पण पट्टी म्हणजे काही गोळी नव्हे, असं मी मनाला सांगितलं. शिवाय सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, तरी लिहिते. कारण माझ्यासारख्या शिकलेल्या, शहाण्या म्हणवणाऱ्या बायका सोलापुरात काही कमी नाहीत. आणि त्यातल्या कितीजणींच्या कपाटात असं एखादं खोकं असेल, देव जाणे.

ते खोकं माझ्याकडे आलं माझ्या नणंदेकडून. वैशाली इंग्लंडला असते. मे महिन्यात सुटीला आली होती. आमच्या गप्पा नेहमीच्याच. मुलं झाल्यावर तांबी बसवली तर मला अंगावरून फार जायचं, म्हणून काढून टाकली होती. रोजची गोळी घ्यायला मी विसरायची. हजेरीपट कधी विसरत नाही, गोळी मात्र विसरते. वैशाली म्हणाली, "वहिनी, मग ही पट्टी बघ. आठवड्याला एक. मला आता नको आहेत, आम्ही दुसऱ्याचा विचार करतोय." आणि तिने उरलेली खोकी माझ्या हातात ठेवली.

पट्टी दिसायला अगदी साधी. कातडीच्या रंगाची, पातळ, काडेपेटीएवढी. तिच्यात दोन संप्रेरकं असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन. ती कातडीतून हळूहळू रक्तात उतरतात आणि बीजांड बाहेर पडणं थांबवतात. आठवड्याच्या ठरल्या वारी जुनी काढायची, नवी लावायची. असे तीन आठवडे. चौथा आठवडा बिनपट्टीचा, त्यात पाळी येते. मग पुन्हा पहिल्यापासून.

वैशालीने मला एवढंच सांगितलं, कारण मी एवढंच विचारलं. तिला त्या पट्ट्या देण्याआधी तिथल्या नर्सने तिचं वजन केलं होतं, रक्तदाब पाहिला होता, अर्धशिशीचा त्रास होतो का, सिगारेट ओढतेस का, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, असं सगळं खोदून विचारलं होतं. ते सगळं वैशालीसाठी होतं. वय एकोणतीस, अंगाने काडी. मी अडतीस वर्षांची, आणि वजनाचा काटा मी गेली दोन वर्षं पलंगाखाली सरकवून ठेवलाय. दुसऱ्याच्या मापाचं पोलकं आपण घालत नाही, औषध मात्र खुशाल घालून बसलो.

खोक्यात माहितीचा कागद होता. बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी छापलेला. परीक्षेत मी मुलांवर ओरडते, "आधी सूचना वाचा!" तो कागद मी उलगडलासुद्धा नाही. ड्रॉवरच्या तळाला अंथरला.

जून-जुलै झकास गेले. ना डोकं दुखलं, ना मळमळलं. आमचे हे, म्हणजे संजय, त्यांना पट्टीचं माहीत होतं. "काही त्रास नाही ना?" असं एकदा विचारून त्यांनी आपलं कर्तव्य संपवलं. सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्या असतात मोडनिंबला, शेतातल्या घरी. मी त्यांना आत्या म्हणते. बाई मायाळू, पण करारी. महालक्ष्म्यांच्या बाबतीत तर विचारूच नका.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. मोडनिंबच्या घरीच. तीन दिवस. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, कटाची आमटी, आणि जेवायला सगळी भावकी. आत्यांचं मनगट मोडल्यापासून पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, सगळं माझ्याकडे. मीच घरात एकुलती एक सून. त्या तीन दिवसांत मी बाजूला बसले, तर चूल कोण सांभाळणार? भावकीतल्या कुणालातरी बोलवावं लागणार, आणि मग ती बाई पुढची दहा वर्षं ते काढून दाखवणार.

म्हणून आमच्याकडे बायका काय करतात, हे तुम्हाला माहीत आहे. मेडिकलमध्ये जायचं आणि हळू आवाजात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायच्या. मीही दोनदा घेतल्या होत्या. त्यांनी मला उलट्या झाल्या होत्या.

यंदा मी कॅलेंडर उघडून बोटं मोजली. बिनपट्टीचा आठवडा नेमका महालक्ष्म्यांवर येत होता. मग मी डोकं चालवलं. पट्टी काढली की पाळी येते ना? मग काढायचीच नाही. चौथ्या आठवड्यात चौथी पट्टी लावली. झालं काम!

पण महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मोडनिंबला पोचले आणि बाथरूममध्ये पाहते, तर डाग. थोडासाच. बाहेर आत्या मुखवटे पुसत होत्या. मी पिशवीतून आणखी एक पट्टी काढली आणि पहिलीच्या शेजारी चिकटवली. एकीने भागत नाही, तर दोन. भाजीत मीठ कमी पडलं तर आपण आणखी टाकतो की नाही, तसं. विज्ञानाच्या बाईंचं हे विज्ञान.

डाग थांबला. थांबला असता तसाही, किंवा नसताही थांबला. त्याचं श्रेय मी दुसऱ्या पट्टीला दिलं आणि दोन्ही तशाच ठेवल्या. दोन दिवस जमिनीवर मांडी घालून पोळ्या लाटल्या. नैवेद्य होईपर्यंत उपास, पाणीसुद्धा घोटभर. कमरेवर दोन पट्ट्या घेऊन मी देवीपुढे हात जोडले आणि सगळं नीट पार पडू दे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या उठल्या त्या दुपारी, डावी पोटरी भरून आली. आत्या म्हणाल्या, "शीर चढली असंल. दीस-दीस बसून ऱ्हातीस, चढंल न्हाय तर काय हुईल?" आणि त्यांनी तेल कोमट करून पोटरी चोळून दिली. मोडकं मनगट घेऊन. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पुन्हा चोळली. मला इतकं बरं वाटलं, की मी अर्धी झोपलेच.

सोलापूरला परतल्यावर शाळा सुरू. दोन दिवसांत डाव्या चपलेचा पट्टा लागेना. पाय तापलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली. उजवा पाय अगदी नेहमीसारखा. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहिलं. "काही औषध चालू आहे का?" "नाही." स्नायू ताणला असेल म्हणून त्यांनी वेदनाशामक दिलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांनी विचार केला.

शनिवारी सकाळी शाळेचा जिना चढताना पहिल्याच मजल्यावर धाप लागली आणि उजव्या बरगडीखाली चमक मारली. तेव्हा मात्र घाबरले. यांना फोन केला. हे मला सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. आत्या माझा पाय बघायला म्हणून सकाळच्या एसटीनेच आल्या होत्या, त्याही बरोबर आल्या. तिथून थेट सोनोग्राफीच्या खोलीत, म्हणजे जिथून मी सांगायला सुरुवात केली तिथे.

भरती करून घेतलं. पोटाच्या कातडीत इंजेक्शन दिलं. हेपरिन नावाचं रक्त पातळ करणारं औषध. ते आहे ती गाठ विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं. त्यानंतर सीटी पल्मनरी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य सोडून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. रंगद्रव्य आत गेलं की अंगभर गरम लाट येते. मी घाबरून ओरडणार होते, पण तिथल्या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं. असं आधी सांगणाऱ्या माणसांचं फार भलं व्हावं.

त्या तपासणीआधी गाऊन घालायला मदत करताना नर्सबाईंना पट्ट्या दिसल्या. "ताई, ह्ये काय चिकटवलंय? कंबरदुखीचं हाय काय?"

"हो," मी म्हणाले.

हे मात्र सरळसरळ खोटं होतं. का बोलले? पडद्याच्या पलीकडे आत्या होत्या. बस्स, एवढंच. पायात गाठ, छातीत चमक, आणि मला भीती कशाची, तर डाग लपवून देवाच्या कामात मी चोरी केली हे सासूला कळेल याची. माणूस किती मूर्ख असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, शांत, खुर्ची ओढून बसून बोलणाऱ्या. उभ्या-उभ्या बोलत नव्हत्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"एक छोटा कण उजव्या फुप्फुसात पोचलाय," त्या म्हणाल्या. "बारीक फांदीत आहे. हृदयावर ताण नाही, ऑक्सिजन चांगला आहे. औषधाने बरं होईल. पण मला कारण सापडत नाहीये. पडला नाहीत, ऑपरेशन नाही, बाळंतपण नाही, औषध नाही. अडतिसाव्या वर्षी उगाच एवढी गाठ होत नाही. पोटात कुठे काही वाढतंय का ते बघावं लागेल. आणखी काही तपासण्या करू."

यांनी पलंगाची कड घट्ट धरली. हा माणूस कधी घाबरत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे ओठ पांढरे पडलेले पाहिले.

मॅडमनी पुढे विचारलं, "पाय चोळला होता का कुणी?"

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर होत्या. "म्या चोळला," त्या म्हणाल्या. "दोन येळा."

"चोळल्याने गाठ होत नाही आजी," मॅडम समजावत म्हणाल्या. "पण झालेली गाठ चोळल्याने सुटू शकते. म्हणून एकच पाय सुजला, दुखला, तर चोळायचा नाही."

आत्यांनी त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "माज्याच हातानं झालं की. म्याच घालवला असता तिचा जीव. लेकरं उघडी पडली असती माज्यामुळं." आणि त्या मोडक्या मनगटाकडे बघून रडायला लागल्या. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. सासरे गेले तेव्हासुद्धा लोकांसमोर ही बाई रडली नव्हती.

माझ्यात जे काही थोडं माणूसपण शिल्लक होतं ते तेव्हा जागं झालं म्हणायचं. मला ते बघवेना.

"मॅडम," मी म्हणाले, "माझ्या कमरेवर दोन पट्ट्या आहेत. पाळणा लांबवायच्या. महालक्ष्म्यांत पाळी येऊ नये म्हणून मी काढल्याच नाहीत. डाग दिसला म्हणून दुसरी लावली. अजून आहेत."

मॅडम उठल्या, पडदा ओढला, आणि स्वतःच्या हाताने दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. चिकट बाजू आत करून दुमडल्या. कातडीवर दोन चौकोनी लाल खुणा राहिल्या.

मला वाटलं होतं, आता त्या झापतील. त्या परत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "'गोळ्या चालू आहेत का' असं आम्ही विचारतो, ते चुकतंच. यापुढे मी गोळी, इंजेक्शन, पट्टी, काढा, सगळं नाव घेऊन विचारीन." या एका वाक्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

मग त्यांनी मला जे समजावलं, ते तुमच्यासाठी माझ्या शब्दांत सांगते. इस्ट्रोजेनमुळे रक्त साखळायची शक्यता थोडी वाढते. गोळी असो, पट्टी असो. पट्टीतून अंगात जाणारं इस्ट्रोजेन नेहमीच्या कमी मात्रेच्या गोळीपेक्षा जास्तच भरू शकतं. तरीही ज्या बाईला ती चालते, तिला तपासून दिली आणि तिने नीट वापरली, तर असा त्रास क्वचितच होतो. म्हणजे पट्टी हे काही विष नव्हे. वय पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, रक्तदाब, तंबाखू-सिगारेट, डोळ्यांपुढे चमकून दुखणारी अर्धशिशी, किंवा घरात कुणाला गुठळी झालेली, अशा बाईला मात्र त्या बहुधा दुसरं काहीतरी सुचवतात. मधला बिनपट्टीचा आठवडा गाळणंही काहींना चालतं, पण ते डॉक्टरने ठरवायचं. एकावर एक लावणं कुणालाच चालत नाही.

"घरात कुणाला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणणार होते. पण आता नाही म्हणायची मला भीतीच बसली होती, म्हणून मोहोळला आईला फोन लावला.

"व्हय की," आई म्हणाली. "तुज्या भावाच्या येळंला माजा बी पाय असाच सुजला हुता. म्हैनाभर दवाखान्यात हुते. तुला आठवत न्हाय, तू लहान हुतीस." अडतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मॅडमनी फाइलमध्ये लाल पेनाने लिहून घेतलं, आणि मोठ्या तपासण्यांची यादी तूर्त बाजूला ठेवली. यांनी तेव्हा पलंगाची कड सोडली.

कारण सापडलं, म्हणजे अर्धं दुखणं गेलं. पण आत्या माझ्याशी बोलेनात.

म्हणजे काम सगळं करत होत्या. ज्वारीची आंबील आणत होत्या, पायाखाली उशी सरकवत होत्या, इंजेक्शनने पोटावर उठलेले निळे डाग बघून नर्सवर डोळे वटारत होत्या. बोलत मात्र नव्हत्या. पट्ट्या काढल्याच्या तिसऱ्या दिवशी पाळी आली. जी मी एवढा आटापिटा करून ढकलली होती, तीच. रक्त पातळ करणारं औषध चालू, त्यामुळे धो-धो. मला उठवेना. आत्यांनी चादर बदलली, मला धरून बाथरूमला नेलं, परत आणून केस विंचरले. दिवसभर मला शिवत होत्या. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, रोज ठरल्या वेळी. या गोळ्या मी एकदाही विसरले नाही. पायात घट्ट मोजा. कापलं, लागलं तर दुर्लक्ष नाही, आणि मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी नाही, कारण तिने रक्तस्राव वाढतो. इस्ट्रोजेन माझ्यासाठी आता कायमचं बंद, आणि पाळी ढकलायच्या त्या मेडिकलमधल्या गोळ्याही विचारल्याशिवाय नाहीत. वैशाली फोनवर रडली. मी तिला म्हणाले, "तू दिल्यास हे खरं, पण मागच्या दाराने घेतल्या मी." आमचे हे एक दिवस रजा काढून गेले आणि बिनटाक्याची नसबंदी करून आले. दोन दिवस घरी बसले आणि महिनाभराचं कौतुक वसूल केलं. करू दे. मी मनापासून केलं.

तीन महिन्यांनी पुन्हा डॉपलर, म्हणजे शिरेची तीच सोनोग्राफी. मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर एक पोटुशी बाई नवऱ्याशी कानडीत भांडत होती. आमचा नंबर यायला वेळ होता. गाठ तशीच असली तर? आणखी पसरली असली तर?

आत्या अचानक म्हणाल्या, "रोहिणी, मला इचारलं असतंस तर?"

तीन महिन्यांनी. मला वाटलं, आता येणार सगळं बाहेर. "पाळीतला स्वयंपाक तुम्ही चालवून घेतला असता का आत्या?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तवा तर न्हाय चालवलं असतं." मग त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ सरकल्या. "संजय धा वर्साचा हुता. म्हालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिशी सकाळी पुरण शिजाया टाकलं, आन् माजी आली. सासू सोप्यात, पावनी दारात. म्या कुणाला सांगितलंच न्हाय."

"मग?"

"मग काय? तशीच केली पुरणपोळी. तशीच निवद दावला, तशीच वाढली समद्यास्नी. सासू म्हणली, यंदा पुरण लई ग्वाड झालंय. वरीसभर भ्यालेली हुते. लेकराला ताप आला की वाटायचं, माज्यामुळंच. पर त्या वर्साला कापूस बी चांगला झाला, आन् वैशाली बी त्याच्याच फुडं पोटात ऱ्हायली. देवीला कळलं नसंल व्हय? कळलंच असंल की. तिला काय वाटलं न्हाय. आमालाच वाटतंय."

मी हसायला लागले. ते हसू कुठून आलं कोण जाणे, थांबेचना. आत्यासुद्धा पदरात तोंड घालून हसत होत्या. भांडणारी ती बाई भांडण थांबवून आमच्याकडे बघायला लागली. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी पंधरा वर्षं एकमेकींना घाबरत होतो, आणि दोघींकडे लपवायला तीच एक गोष्ट होती.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. तेच डॉक्टर, तेच थंड जेल. त्यांनी गुडघ्यामागे यंत्र दाबलं. मी श्वास रोखून पडद्याकडे बघत होते. काळा गोल होता, तो मिटला. सोडलं की उघडला. पुन्हा मिटला. या वेळी मलाही दिसलं.

"शीर मोकळी आहे," डॉक्टर म्हणाले. "धाप?"

"नाही," मी म्हणाले. हे 'नाही' खरं होतं.

बाहेर येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. सात रस्त्याच्या गर्दीत रिक्षा शोधत उभ्या होतो तेव्हा मी म्हणाले, की आमच्या शाळेतल्या बायकांना हे सांगायला हवं. दरवर्षी गणपतीत, यात्रेत, लग्नसराईत सगळ्या त्या गोळ्या घेतात, कुण्णाला न विचारता. एकच पाय सुजला, छातीत कळ आली, धाप लागली, डोकं भयंकर उठलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर थांबू नका. आणि डॉक्टरपासून काही लपवू नका. सासू दाराशी उभी असली तर तिला बाहेर जायला सांगा.

"लिहून काढ," आत्या म्हणाल्या. "मास्तरीण हाईस न्हवं?"

"लिहीन. पण तुमचं ते पुरणाचं गाळून लिहिते."

रिक्षा थांबली. आत्या आधी चढल्या, मला जागा करून दिली, आणि मग त्यांनी बराच विचार करून उत्तर दिलं.

"गाळू नगंस," त्या म्हणाल्या. "माजं बी लिव्ह. नाव घालून लिव्ह. लक्ष्मीबाई म्हणावं, मोडनिंबची."